विहीणबाई, निकाल अजून लागायचा आहे

विहीणबाई, अर्ध्यावर भांडण टाकून माणसानं असं उठून जायचं नसतं. मतदान होऊन गेलंय, मशिनी तिकडे लातूरला कुलपात आहेत, मोजणीला अजून अवकाश आहे, आणि तुम्ही गेलात. मी इथे नांदेडला माझ्याच घरात येरझारा घालते. चहाला आधण ठेवते आणि विसरते. फोन उचलते, तुमचं नाव काढते, परत ठेवते. प्रज्ञा माझ्यासोबत आलीय, ती म्हणते, आई, जरा एका जागी बस. बसवत नाही.

तुम्हाला शेवटची आंघोळ घातली तेव्हा तांब्या माझ्या हातात होता. तुमची पुतणी हळूच कानाशी म्हणाली, "मावशी, पाणी जरा जपून." दुसरीकडे कुठे मयताच्या अंगावर पाणी घालताना कुणी असं बोललं असतं तर मी तिथल्या तिथे फटकारलं असतं. तुमच्या गावात मात्र जपून घातलं. मग तुमचा डावा हात धुवायला घेतला. माझ्या तर्जनीच्या नखावर मतदानाची शाई तशीच काळी होती. तुमचं बोट स्वच्छ. भोवती बसलेल्या सगळ्या बायकांची बोटं स्वच्छ. तेवढ्यातही मला तुमचा राग आला, खोटं कशाला बोलू. शाई लागलेल्या हातानं तुमचा हात धुतला, पुसला, पांढऱ्या लुगड्यावर ठेवला.

प्रज्ञा तुमच्या फौजेतल्या मिलिंदला दिली तेव्हा मी रीतीप्रमाणं विहिणीच्या मानपानाचं विचारायला आले होते. तुम्ही म्हणालात, "मान ऱ्हाऊ द्या. दर रविवारी फोन करा आन् पेपरात काय आलंय ते सांगा. आमच्याकडं पेपर दुपारी येतो, तवर बातमी शिळी व्हती." मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली, तुम्ही अंगणवाडीतून. दोघींनाही पोरांना गप्प बसवायची सवय, त्यामुळे एकमेकींना गप्प बसवणं काही जमलं नाही. पेपर वाचून दाखवायला मी फोन करायचे आणि पहिल्या पानाच्या वरच्या मथळ्यावरच आपली जुंपायची. प्रज्ञाचं कसं चाललंय हे विचारायचं राहून जायचं. ती मागून ओरडायची, "मी बरी आहे, सांगा आईला!"

या वर्षी तुमच्याकडे दिवाळीलाच विहिरी आटल्या. देवणीच्या बाजारात चांगली बांधेसूद जनावरं मातीमोल भावानं गेली, हे सांगताना तुमचा आवाज बसला होता. टँकर यायचा तर यायचा. आणि त्यातच ते सीमेवरचं सुरू झालं. आधी तो स्फोट, मग विमानं पलीकडे जाऊन आली, मग मिलिंदची रजा रद्द झाली. त्याचा फोन कधी चार दिवसांनी, कधी आठ. प्रज्ञा फोन उशाशी घेऊन झोपायची, तुम्ही पदरात बांधून. मला नांदेडहून रविवारची वाट बघवेना, म्हणून मी रोज करायला लागले.

तशात निवडणूक लागली आणि तुमच्या गावानं ठरवलं, मतदानावर बहिष्कार. पाणी द्या आणि उदगीर जिल्हा करा, मग मत मागा. मोर्चात पुढे तुम्हीच. मी चिडवायचे, एक जिल्हा करून बघितलात ना? लातूर जिल्हा झाला तेव्हा तुम्ही नवी नवरी होतात, सासऱ्यांबरोबर मिरवणूक बघायला गेला होतात. "आमाला वाटलं कलेक्टर जवळ आला म्हंजी पाणी जवळ आलं," तुम्ही सांगायचात. "कलेक्टर आला. पाणी हाय तिथंच." मग पुन्हा नवा जिल्हा कशाला, असं मी विचारलं की तुमचं उत्तर तयार असायचं. "लातूरला जाऊन बोंबलायला दिवस जातो, इहीणबाई. उदगीरला बोंबलून दुपारच्याला घरी येता येतं." मी म्हणायचे, कलेक्टर तुम्हाला जवळ हवा आणि दिल्ली मात्र सोडून दिलीत. तुमचा पोरगा कलेक्टरच्या हुकमावर उभा नाही.

आता मला राहून राहून ती सभा आठवते. मी प्रज्ञाला भेटायला आले होते, आणि तुम्ही म्हणालात, चला, बहिष्कार असला म्हणून ऐकायला काय जातंय. समाजमंदिरासमोर मांडव, दोन कर्णे, उमेदवाराच्या गाडीवर बंदूक घेतलेल्या जवानाचं चित्र. आधल्या आठवड्यात दुसरा उमेदवार येऊन गेला, त्याच्याही गाडीवर जवानच होता, फक्त तोंड दुसरीकडे. मिलिंदचा फोन येऊन बरेच दिवस झाले होते. तुम्ही, मी आणि प्रज्ञा पुढच्या सतरंजीवर बसलो होतो. सूत्रसंचालन करणारा पोरगेलासा कार्यकर्ता घसा ताणून म्हणाला, "आणि आता आपल्या गावच्या वीरमाता, गयाबाई, यांचा शाल, श्रीफळ देऊन सत्कार!"

टाळ्या पडल्या. तुम्ही उठलात. मला वाटलं सत्काराला उठलात. तुमचा चेहरा मी बघितला आणि कळलं, तसं नाही. वीरमाता कुणाला म्हणतात हे त्या कार्यकर्त्याला ठाऊक नव्हतं. पोरगा सैन्यात असला की आई वीरमाता, असा त्याचा हिशेब. पण तुम्हाला ठाऊक होतं. शेजारच्या गावातल्या एका बाईला, तिचा पोरगा तिरंग्यात घरी आला त्या दिवसापासून, वीरमाता म्हणायला लागले, ते तुम्ही तिच्या दारात उभं राहून बघितलं होतंत. तुम्ही एकेक पायरी चढून वर गेलात, त्यानं पुढे केलेली शाल घेतलीच नाही, आणि माईक तोंडासमोर असताना विचारलंत, "कवा?"

कुणाला कळेना. कार्यकर्ता हसत म्हणाला, "काय आई?"

"कवा झालं? माझ्या आधी तुमाला कुणी कळवलं?"

कर्ण्यातून तो आवाज अख्ख्या गावात गेला. प्रज्ञा माझ्या शेजारी किंचाळली. मी तिला धरू की वर धावू असं झालं. उमेदवाराला घाम फुटला, कार्यकर्ता आता हातातली शाल कुठे ठेवावी हे शोधत होता, आणि मागून कोणी तरी जाणता माणूस ओरडला, "आरं, तिचा पोरगा जिता हाय, कायबी काय बोलायलाव!" तेव्हा तुम्ही तिथेच स्टेजवर खाली बसलात. मांडी घालून, लहान पोरीसारख्या. मग पुन्हा माईक ओढलात आणि शांतपणे म्हणालात, "माझं लेकरू जितं हाय. जित्या लेकराच्या आईला काय म्हणायचं ते शिकून या. मग मत मागा."

मिलिंदचा फोन दुसऱ्या दिवशी आला. नेटवर्क नव्हतं, एवढंच. तुम्ही त्याला सभेचं काही सांगितलं नाहीत, तूर महागली म्हणून सांगत आणि थंडी किती असलं काहीबाही विचारत राहिलात.

त्या दिवसापर्यंत मला आशा होती, तुमचं मन वळेल. त्यानंतर मीही ओळखलं, नाही वळणार. तरी भांडले. तुम्हाला ठाऊक आहे मी किती भांडले. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. परराष्ट्र धोरण शेवटच्या धड्यात असायचं, परीक्षेला त्यावर जेमतेम एखादा प्रश्न, म्हणून आम्ही मास्तरलोक ते परीक्षेच्या तोंडावर घाईनं उरकून टाकायचो. मिलिंद जावई झाला तेव्हा मला कळलं की तो धडा असा उरकण्यासारखा नव्हता. भाषणात शेजारच्या देशाचं नाव घेतलं की टाळ्या पडतात. टाळ्या पडल्या की पुढच्या सभेत आवाज चढतो. चढलेला आवाज निवडून आल्यावर उतरवता येत नाही, कारण लोक ते ऐकून बसलेले असतात आणि पुढच्या खेपेला विचारतात, काय झालं तुमच्या आवाजाचं? तह करायची वेळ आली तरी माणूस कचरतो. युद्ध असं सभेपासून सुरू होतं, विहीणबाई, आणि माणसं दुसऱ्याच कशाच्या तरी रागात असतात. कुणी पाण्याच्या, कुणी भावाच्या, कुणी नोकरीच्या. त्या रागात मत टाकतात, नाहीतर टाकतच नाहीत, आणि तिकडे कुठे तरी बर्फात उभ्या असलेल्या पोराचं नशीब फिरतं. जगात सगळीकडे असंच चाललंय. पेपर वाचून दाखवताना मी तुम्हाला हेच सांगत आले.

"मंग टाळ्याच वाजवू नये," तुम्ही म्हणालात. "आमी तेच करायलोत. हात घरी ठेवून बसलोत."

मी म्हटलं, हात घरी ठेवलेत तर तिथे ऐकू येणाऱ्या सगळ्या टाळ्या वाजवणाऱ्यांच्याच असणार. नाही म्हणायचंच आहे तर आत जाऊन म्हणा, त्याचंसुद्धा बटण आहे.

"त्या बटणाला कोण भ्यालंय? मशीन?"

मग मी माझा हुकमी पत्ता काढला. निवडणुकीच्या ड्युटीवर मी एकदा हदगावकडच्या एका गावात गेले होते. रस्त्यासाठी त्यांनी बहिष्कार टाकला होता. आम्ही केंद्रावर दिवसभर बसलो. पाटी लावली, शाई उघडून ठेवली, एक कुत्रं तेवढं आत येऊन गेलं. संध्याकाळी रिकामी मशीन सील केली आणि निघालो. दुसऱ्या दिवशी पेपरात आतल्या पानावर दोन ओळी. निकालावर ओरखडासुद्धा उमटला नाही. बघा, म्हटलं, हे होतं बहिष्काराचं.

तुम्ही विचारलंत, "त्या गावाला रस्ता झाला का मंग?"

मी चहाचं विचारून विषय बदलला. तुम्ही सोडता होय. "झाला का न्हाई?"

"पुढच्या वर्षी झाला," मी म्हटलं. तुम्ही इतक्या हसलात की प्रज्ञा आतून बघायला आली. पण रस्ता झाला तरी माझा मुद्दा खोटा ठरत नाही, विहीणबाई. रस्ता तहसीलदार देतो, म्हणून त्याला रिकाम्या केंद्राची लाज वाटते. लढाई ठरवणाऱ्याला तुमच्या गावाचं नावही ठाऊक नसतं. हे मी तेव्हा बोलायला हवं होतं, पण मला ते नांदेडच्या बसमध्ये, मुखेड मागे पडल्यावर सुचलं.

तुम्हीही काही कमी नव्हता. माझ्या वर्मावर बोट ठेवून म्हणालात, "तुमच्या नांदेडला गोदावरी हाय, तुमी लोकशाहीच्या गप्पा मारा." आणि एकदा, भांडण अगदी शिगेला पोचलं असताना, एकदम खालच्या आवाजात, "दोघांच्या बी गाडीवर बंदूक हाय. मी कोणत्या बंदुकीला मत देऊ, तुमीच सांगा." मी स्वतः ज्याला दिलं, तो लढाई थांबवेल म्हणून दिलं नाही, जरा कमी ओरडतो म्हणून दिलं. एवढीच आपली निवड होती आणि त्यासाठी मी तुमच्याशी महिनाभर भांडत होते.

मतदानाच्या दिवशी नांदेडला ऊन मी म्हणत होतं. रांगेत तुमची आठवण काढत उभी राहिले आणि आल्याबरोबर फोन केला. तुम्ही उचलला नाही. दिवस मावळताना तुमचाच आला. आवाज थकलेला, पण खुशीत. "एक बी मत पडलं न्हाई. तहसीलदार आले, हात जोडले, आमी बी जोडले. तुमी टाकलं का?"

"टाकलं."

"बरं केलं," तुम्ही म्हणालात.

हे 'बरं केलं' मला तेव्हाच खटकलं होतं. मी भांडायला कंबर कसून बसलेली आणि तुम्ही म्हणता बरं केलं. विचारणार होते, रविवारी सविस्तर विचारू असं ठरवलं. त्या रविवारी प्रज्ञाचा फोन आला. दुपारी ओसरीवर बसल्या बसल्या तुमच्या छातीत कळ आली होती, आणि देवणीच्या दवाखान्यापर्यंतसुद्धा तुम्ही थांबला नाहीत.

मिलिंदला तिसऱ्या दिवशी पोचता आलं. तुमचं तोंड त्याला बघायला मिळालं नाही. तोवर थांबवायला त्या उन्हात काही उपायच नव्हता. जलदान विधीला भंतेजी सूत्रं म्हणत होते आणि तो समोर ताठ बसला होता, ड्युटीवर असल्यासारखा. विधी आटोपल्यावर बाहेर टँकर आला आणि बायका हंडे घेऊन धावल्या, डोळे पुसत पुसतच. टँकर आता रोज येतो, बरं का. मतदानानंतर चुकलेला नाही. त्या बाबतीत तुमचं बरोबर होतं आणि हे मी सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगितलं. तुमच्या पुतणीला रडू फुटलं. उदगीर जिल्ह्याचं मात्र अजून कुणी काढत नाही. ते कुणाला तरी हाती घ्यावं लागेल.

रजा संपली. आम्ही तिघं बसनं नांदेडला आलो. त्याला इथून अमृतसरची गाडी होती, पुढे तिकडून वर. फलाटावर दर्शन करून परत निघालेल्या शीख कुटुंबांची गर्दी, त्यांचे डबे, त्यांची लेकरं. प्रज्ञा पाण्याची बाटली आणायला गेली. मिलिंदनं बॅग खाली ठेवली आणि माझ्याकडे न बघता, सासूला तो मामीच म्हणतो, म्हणाला, "मामी, तुमाला एक सांगायचंय. मी मत टाकलंय."

मला काही समजेना. तो सांगत गेला. सैन्यातल्या माणसाचं मत त्याच्या गावाकडच्या मतदारसंघात धरतात, कागद तिकडे छावणीत येतो, खूण करून पाकिटातून टपालानं लातूरला पाठवायचा. बहिष्काराचं त्याला गावाच्या पोरांकडून कळलं होतं. त्यानं तुम्हाला फोनवर सांगितलं, गावाचं ठरलंय तर मीही टाकत नाही, कागद कोरा ठेवतो.

"आई लई चिडली," तो म्हणाला. "म्हणाली, टँकरची लाईन तुला हाय का? न्हाई ना? मंग आमचं आमी बघतो. तू जिथं हुबा हायस, तिथलं कोण ठरवणार, ते तू सांगायचं. तुला न्हाई तर कुणाला हक हाय?"

मी फलाटावरच्या त्या बाकावर बसले. महिनाभर माझ्याशी भांडलात, विहीणबाई. माझा एक शब्द खाली पडू दिला नाहीत. आणि माझंच म्हणणं घेऊन, माझ्याहून नीट करून, ज्याचं होतं त्याला देऊन टाकलंत. पाण्याचं भांडण गावाचं, म्हणून गाव घरी बसलं. लढाईचं त्याचं, म्हणून तो बसणार नाही. इतकं सरळ. मला हे का नाही सांगितलंत?

हेच मी मिलिंदला विचारलं. मला का नाही सांगितलं त्यांनी? कोणाला मत दिलं, हे विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं, पण ते मी गिळलं.

मिलिंद आल्यापासून पहिल्यांदा हसला. हसताना तो तुमच्यासारखाच दिसतो, हे तुम्हाला कुणी सांगितलं असेलच. म्हणाला, "मी कोणाला टाकलं, ते तिनं बी न्हाई विचारलं. तुमचं मात्र बजावून सांगितलं. मामीला कळू देऊ नको, म्हणाली. ती मला जिंदगीभर चिडवंल."

गाडी लागली. त्याची बॅग आत गेली, प्रज्ञा खिडकीशी धावली, गाडी हलली. पलीकडच्या डब्यातली एक म्हातारी सरदारीण उगाच मलाही हात हलवत होती. लातूरच्या कुठल्याशा खोलीत ते पाकीट आता पडून असेल. कुणी तरी ते फोडेल, ढिगात टाकेल, आणि ढोल कुणाचे वाजायचे ते वाजतील. तुमच्या गावातून निघालेलं ते एकच मत आहे. मी फलाटावर लोकांदेखत रडत होते आणि हसत होते, आणि प्रज्ञा विचारत होती, आई, काय झालं, काय म्हणाला तो?

चिडवलं असतं, विहीणबाई. जिंदगीभर चिडवलं असतं.